देवगड-निपाणी रस्त्याला राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मागतोय, पण दर्जा मिळाला म्हणजे पैसा येतोच का?

फोंड्याचा_व्यापारी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे फोंडाघाट, नांदगाव, शिरगाव आणि देवगड इथले व्यापारी, काही बागायतदार आणि ट्रान्सपोर्टवाले मिळून एक निवेदन तयार करतोय की देवगड-निपाणी हा राज्यमार्ग केंद्राने राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर करावा आणि त्याला केंद्राचा निधी द्यावा. निवेदन अर्धं लिहून झालंय पण बैठकीत इतके फाटे फुटले की म्हटलं जाणकारांना विचारूया.

ज्यांना रस्ता माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. देवगड बंदरापासून निघायचं, नांदगाव तिठ्यावर मुंबई-गोवा हायवे ओलांडायचा, फोंड्यातून घाट चढून दाजीपूर, राधानगरी, मुदाळ तिट्टा आणि निपाणीला पुणे-बंगळूर हायवेला लागायचं. म्हणजे एक बंदर, दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग आणि दोन राज्यं एकाच रस्त्यावर. वर काय जातं तर आंबा, काजू, मासळी आणि कासार्ड्याची सिलिका वाळू, जी कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना लागते. खाली काय येतं तर साखर, गूळ, दूध, पशुखाद्य, कांदा-बटाटा आणि सगळा भाजीपाला. घाटावरची भाजीची गाडी अडकली की त्या दिवशी आमच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी बघायला मिळत नाही, हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको.

तळेरे-गगनबावडा रस्त्यावरचा करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद होता तेव्हा अवजड गाड्या आमच्याच घाटातून वळवलेल्या. वर्षभराहून जास्त तो लोड या रस्त्याने घेतला, साइडपट्ट्या गेल्या, गटारं मातीने भरली, दोन ट्रक समोरासमोर आले की एकाला मागे घ्यायला लागायचा. तळेरे-गगनबावडा-कोल्हापूर हा राष्ट्रीय महामार्ग, १६६ जी, म्हणून त्याचं काँक्रिटीकरण झालं, आणि त्याची सगळी वाहतूक अंगावर घेणारा आमचा रस्ता राज्यमार्ग म्हणून तसाच राहिला. हे मला पटत नाही.

आंब्याचं तर काय सांगू. क्रेट भरताना आम्ही तळाला गवत घालतो, आंबे देठ खाली करून लावतो, तरी खड्ड्यांतून गाडी गेली की खालच्या थराला मार बसतो. वरून आंबा सोन्यासारखा दिसतो. पण मार्केटात घेणारा वरचा आंबा बघतच नाही, बाजूने हात घालून थेट तळातला काढतो, अंगठ्याने दाबून बघतो आणि तिथेच भाव पडतो. बागायतदाराने वर्षभर केलेली फवारणी, राखण, मजुरी सगळी त्या एका दाबण्यावर ठरते.

तर प्रश्न असे. हा दर्जा नक्की कोण देतं, खासदारांचं पत्र पुरतं का? दर्जा मिळाला म्हणजे पैसा आपोआप येतो का? आणि टोल, जमीन, जंगल यातलं काय काय बसेल मागे? एका सरकारी ऑफिसात विचारायला गेलो तर "वर विचारा" एवढंच उत्तर मिळालं, म्हणून इथे आलोय.

---

निवृत्त_बांधकामवाला

चांगला प्रश्न विचारलात. नोकरी रस्त्यांवरच गेली त्यामुळे सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिलं, दर्जा देतं केंद्र सरकार, राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ च्या कलम २ खाली, राजपत्रात अधिसूचना काढून. पण प्रस्ताव राज्य सरकारकडून जावा लागतो. खासदारांचं पत्र उपयोगी आहे, पाठपुराव्याला लागतंच, पण मंत्रालयातून सार्वजनिक बांधकाम विभागाचा प्रस्ताव दिल्लीला गेला नसेल तर त्या पत्राला तिथे जोडायला फाइलच नसते. म्हणून तुमचं निवेदन दिल्लीच्या पत्त्यावर लिहू नका, आधी राज्याच्या बांधकाम मंत्र्यांना लिहा, प्रत खासदारांना.

दुसरं, निकष. बंदरांना जोडणारे रस्ते, त्यात मोठी बंदरं तशी छोटी बंदरंही आली, औद्योगिक आणि पर्यटन केंद्रं, अंतर बरंच कमी करणारे रस्ते, मागास आणि डोंगराळ भाग खुला करणारे रस्ते, आणि हल्ली गतिशक्तीच्या, म्हणजे केंद्राच्या पायाभूत सुविधांच्या एकत्रित आराखड्याच्या, नकाशात बसणारे. तुमचा रस्ता यातल्या तीन-चार निकषांत सहज बसतो. निवेदनात "आमच्यावर अन्याय झाला" हे एका ओळीत आटपा आणि निकषांवर दोन पानं लिहा.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. दर्जा आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधारण दहा वर्षांपूर्वी देशभरात हजारो किलोमीटर राज्यमार्ग "तत्त्वतः राष्ट्रीय महामार्ग" म्हणून जाहीर झाले, अट अशी की डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, होऊन त्यात रस्ता योग्य ठरला पाहिजे. लोकांनी पेढे वाटले. पुढे झालं काय की बऱ्याच ठिकाणी डीपीआर रखडला, केंद्राने ताब्यात घेतला नाही, आणि राज्याचं खातं म्हणायला लागलं की आता हा केंद्राचा, आम्ही यावर खर्च कशाला करू. मधल्या मध्ये खड्डे कोणाचेच नाहीत. तुमच्या निवेदनात एक वाक्य ठळक टाका की अंतिम अधिसूचना निघून हस्तांतर होईपर्यंत देखभाल राज्यानेच करायची आणि त्याचा लेखी आदेश काढायचा. हे वाक्य नसेल तर मागणीच करू नका असं मी म्हणेन.

चौथं, पैशाची दारं. भारतमाला या केंद्राच्या महामार्ग योजनेचा पहिला टप्पा २०१७ ला मंजूर झाला, ३४,८०० किमीचा, त्यात किनारी आणि बंदर जोडणीचे २,००० किमी होते, पण त्यातून आता नवीन कामं मंजूर होत नाहीत, त्यामुळे कोणी भारतमालाचं गाजर दाखवलं तर विश्वास ठेवू नका. आज जे आहे ते असं: राष्ट्रीय महामार्गांचा वार्षिक आराखडा, त्यासाठी दर्जा लागतो. केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी, म्हणजे सीआरआयएफ, आपण पेट्रोल-डिझेलवर जो सेस भरतो त्यातला, हा राज्यमार्गालाही मिळतो. त्याच्याच पोटात आंतरराज्य जोडणी आणि आर्थिक महत्त्वाचे रस्ते अशी वेगळी योजना आहे. आणि केंद्र राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज देतं, २०२०-२१ पासून, त्यातूनही राज्य रस्ता घेऊ शकतं. यातल्या नंतरच्या तिन्ही दारांना दर्जाची गरज नाही.

तुमचा रस्ता निपाणीला कर्नाटकात शिरतो. ही तुमची सगळ्यात मोठी ताकद आहे आणि तुमच्या पोस्टमध्ये ती अर्ध्या वाक्यात उरकलीय.

---

जामसंडेकार

मी देवगडचो, बागायतदार. रस्तो व्हयो तो माका पण व्हयो. पण मुंबई-गोव्याच्या रस्त्याचा काय झाला ता सगळ्यांनी बघला मा? तो तर पयल्यापासूनच राष्ट्रीय. पनवेल-इंदापूरचा काम २०११ साला सुरू झाला, तेव्हा शाळेत जाणारी पोरा आता नोकरीक लागली, तरी सगळो रस्तो पुरो झालो नाय. तेवां पाटी बदलून आमच्या आंब्याक काय फरक पडतलो?

माझा म्हणणा इतक्याच असा, पावसाआधी आणि आंब्याच्या हंगामाआधी नांदगाव ते देवगड खड्डे बुजवक व्हये. ता कोण करतला ता आधी सांगा. दर्जाचा मागनं मागव्या.

---

आजऱ्याची_माहेरवाशीण

आमचा अनुभव सांगते कारण आम्ही हे सगळं भोगलंय. संकेश्वर-बांदा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला, ५४८ एच, गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा. खोटं बोलणार नाही, रस्ता चांगला झाला. आधी सासरहून, म्हणजे कुडाळहून, माहेरी आजऱ्याला जायचं म्हणजे पोटातलं पाणी हलायचं आणि लहान मुलं असली की दोनदा तरी गाडी थांबवायला लागायची, आता तसं नाही. आजारी माणसाला वर न्यायचं तर आता मनात धाकधूक नसते.

पण रस्त्याकडेची जुनी झाडं गेली ती गेली. सावली म्हणून राहिली नाही, मे महिन्यात एसटीची वाट बघत उभं राहून बघा. आणि आजऱ्याजवळ टोलनाका आला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, आंदोलनं झाली, कारण कोणी आधी सांगितलंच नव्हतं की चार पदरी नसलेल्या रस्त्यालाही टोल लागतो. नियमात आहे तसं, दोन पदरी आणि पेव्ह्ड शोल्डर, म्हणजे पक्क्या साइडपट्ट्या, असतील तर चार पदरीच्या ६० टक्के दराने. नाक्यापासून २० किमीच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाडीला मासिक पास मिळतो, पण तो भाजीच्या टेम्पोला नाही. म्हणजे रोज जो माल घेऊन वर-खाली करतो त्यालाच भरावा लागतो आणि शेवटी तो आमच्याच पिशवीतून जातो.

तुम्ही व्यापारी आहात म्हणून मुद्दाम लिहितेय. टोलवर तुमची भूमिका काय ती निवेदनाच्या आधी गावागावात सांगा. नंतर सांगितलंत तर लोक तुमच्या विरोधात जातील आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बिल्डिंग लाइनचंही तसंच, राज्यमार्गाकडेला दुकान, घर बांधायची मर्यादा वेगळी आणि राष्ट्रीय महामार्गाची वेगळी. फोंड्याच्या बाजारपेठेत रस्त्याला लागून किती दुकानं आहेत तुम्हालाच माहीत. बायपास मागणार की बाजारातून रुंदीकरण, हे ठरलंय का?

---

दाजीपूर_कडचा

राधानगरीकडून लिहितोय. सगळ्यांनी टोल, दर्जा, आंबा लिहिलं पण हा रस्ता राधानगरी अभयारण्याला लागून आणि काही ठिकाणी त्यातूनच जातो हे कोणी बोललंच नाही. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाच्या ज्या जागा घेतल्या त्यात राधानगरी आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाकडून खाली तिलारीकडे जाणाऱ्या प्राण्यांची वाट इथूनच आहे. गव्यांचा कळप संध्याकाळी रस्ता ओलांडताना मी कितीतरी वेळा बघितलाय, पुढची मोठी गाय रस्त्याच्या मध्ये येऊन थांबते, वासरं पलीकडे जाईपर्यंत हलत नाही, आणि वळणावरून लोडेड ट्रक उतारानं येत असेल तर काय होतं ते ड्रायव्हरलाच विचारा. गवा म्हणजे टनाच्या आसपासचं जनावर, ट्रकचा पुढचा भाग राहत नाही आणि गवाही.

आता व्यवहाराचं बोलतो. या पट्ट्यात चार पदरी मागाल तर वन संवर्धन कायदा, राष्ट्रीय वन्यजीव मंडळ, मग कोर्टकचेरी, तुमची फाइल तिथेच बसेल. त्यापेक्षा घाट आणि अभयारण्याच्या पट्ट्यात आहे त्याच रुंदीत पक्क्या संरक्षक भिंती, डोंगराकडून सिमेंटची गटारं, वळणं सुधारणं आणि जनावरांना खालून जायला मोऱ्या एवढंच मागा. रस्ता पावसात का जातो? खड्ड्यामुळे नाही, पाणी रस्त्यावरून वाहतं म्हणून जातो. गटार तुंबलं की डोंगराचं पाणी डांबराखाली शिरतं आणि दोन पावसांत दरीकडची कड खचते. घाट बंद पडायची जी कारणं आहेत त्यातली बरीचशी गटारं साफ ठेवली तर राहणारच नाहीत, आणि त्याला दिल्लीची मंजुरी लागत नाही.

रुंदीकरण करायचं तर ते नांदगाव-देवगड आणि राधानगरी-निपाणी या सपाटीच्या भागात करा, आमची काही हरकत नाही.

---

टेक्सासचा_कणकवलीकर

मी मूळ कणकवलीचा, सध्या टेक्सासात. इथे याच विषयाचं एक उदाहरण डोळ्यासमोर आहे म्हणून लिहितोय. मेक्सिकोच्या सीमेवरच्या लारेडोपासून वर डेन्व्हरपर्यंत एक मालवाहतुकीचा मार्ग आहे, त्याला पोर्ट्स टू प्लेन्स म्हणतात. कापूस, गुरं, तेल, पवनचक्क्यांची अवाढव्य पाती, सगळं त्यावरून जातं. अमेरिकेत १९९१ च्या कायद्यात अशा अग्रक्रमाच्या कॉरिडॉरची पहिली यादी झाली, या मार्गाचं नाव त्यात १९९८ ला आलं. नाव आलं तरी त्या नावाबरोबर सगळ्या रस्त्याचा पैसा आला नाही. केंद्राच्या निधीला पात्र ठरला इतकंच. साधारण ८० टक्के केंद्र आणि २० टक्के राज्य असा वाटा इथे बहुतेक कामांना असतो, म्हणजे राज्याने आपला वाटा आणि आराखडा पुढे केल्याशिवाय काही हलत नाही.

लारेडोपासून न्यू मेक्सिकोतल्या रॅटनपर्यंतचा भाग भविष्यातला इंटरस्टेट २७, म्हणजे इथला राष्ट्रीय द्रुतगती महामार्ग, म्हणून कायद्यात यायला २०२२ उजाडलं. आज प्रत्यक्ष इंटरस्टेट आहे तो लबक ते अमरिलो, २०० किमीच्या आसपास. बाकी तुकड्या-तुकड्याने चाललंय.

पण त्यांनी एक गोष्ट चांगली केली. वाटेवरच्या शहरांनी, काउंट्यांनी (म्हणजे इथले जिल्हे) आणि व्यापारी मंडळांनी मिळून एक कायमची आघाडी केली, वर्गणी काढून ऑफिस चालवलं, आणि राजकारणी बदलले तरी तीच माणसं तेच आकडे घेऊन दर वर्षी वॉशिंग्टनला जात राहिली. चार राज्यांचा मार्ग असल्यामुळे एका राज्याचा आमदार बोलला की दुसऱ्याचा सोबत असायचा. तुमच्या निवेदनावर फक्त सिंधुदुर्गाच्या सह्या असतील तर ते कमी पडेल. कोल्हापूर आणि बेळगाव जिल्ह्यातल्या लोकांच्या सह्या घ्या.

---

फोंड्याचा_व्यापारी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल बैठकीत हे सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ वाद झाला, टोलवर तर दोन गटच पडले, पण काही गोष्टी ठरल्या.

जामसंडेकारांचा मुद्दा सगळ्यांनी उचलून धरला. वैभववाडी-कोल्हापूर रेल्वेचं नाव २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात आलं तेव्हा आमच्याकडेही फटाके वाजले होते, रूळ अजून दिसत नाहीत. तसं परत नको. म्हणून आता दोन वेगळी निवेदनं करतोय. एक राज्याला, की घाटातली गटारं आणि भिंती आणि नांदगाव-देवगडचं डांबरीकरण आत्ता करा, आणि आंतरराज्य जोडणीच्या योजनेतून या रस्त्याचा प्रस्ताव पाठवा. दुसरं दर्जाचं, त्यात देखभालीचं ते वाक्य, अभयारण्यात रुंदी न वाढवण्याचं, आणि फोंड्याला बाजारातून नाही तर बायपास. टोलबद्दल मालवाहतुकीच्या स्थानिक गाड्यांना सवलत मागणार, आणि ती मिळाली नाही तर दर्जा घ्यायचा की नाही हे ग्रामसभेत ठरणार. ताईंचं म्हणणं बरोबर आहे, लोकांना आधी सांगितलंच पाहिजे.

बांधकामवाले काका, एकच विचारायचं होतं. आकडे कुठून आणायचे? किती गाड्या जातात हे आम्हाला अंदाजाने माहीत आहे पण अंदाज कोण मानणार.

---

निवृत्त_बांधकामवाला

खात्याची वाहतूक गणना होते, तिचे या रस्त्याचे मागच्या काही वर्षांचे तक्ते माहिती अधिकारात मागा, मिळतात. पण स्वतःचीही मोजणी करा, सलग सात दिवस, चोवीस तास, एक जागा फोंड्याला घाट सुरू होण्याआधी आणि एक मुदाळ तिट्ट्याला. कॉलेजची मुलं पाळ्या लावून बसवा. कार वेगळी, टेम्पो वेगळा, दोन ॲक्सलचा ट्रक वेगळा, त्याहून मोठा वेगळा. मोजताना कार म्हणजे १, ट्रक म्हणजे ३, मल्टीॲक्सल म्हणजे ४.५, मोटरसायकल ०.५ असं धरतात, त्याला पीसीयू म्हणतात.

आता हे का सांगतोय ते बघा. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत सपाटीवरच्या दोन पदरी रस्त्याची क्षमता दिवसाला १५,००० पीसीयू धरलीय, आणि जास्त वळणाच्या डोंगरी रस्त्याची फक्त ५,०००. लोक आपला आकडा सपाटीच्या क्षमतेशी ताडून बघतात, आकडा लहान दिसतो आणि साहेब म्हणतो गरज नाही. तुम्ही घाटाचा आकडा घाटाच्याच क्षमतेशी ताडा.

मोजणी एकदा एप्रिलमध्ये ऐन आंब्यात करा आणि एकदा दिवाळीनंतर साध्या आठवड्यात. फक्त हंगामातली दिली तर फुगवलेली म्हणून बाजूला ठेवतील. आणि ट्रकवाल्याला थांबवून दोनच प्रश्न विचारा, माल काय आणि कुठून कुठे. त्यातले किती निपाणीच्या पुढे जातात तो आकडा आंतरराज्य योजनेसाठी हवाच.

---

निपाणीकर

हा धागा आत्ता वाचला. मी निपाणीचा, आमचं धान्याचं आणि तंबाखूचं घाऊक दुकान आहे, देवगड, कणकवलीकडे आमच्या गाड्या जातात आणि येताना काजू, नारळ आणतात. कर्नाटकातला तुकडा लहान आहे पण तिथला प्रस्ताव बेंगळूरहून जायला लागेल, महाराष्ट्राने कितीही लिहिलं तरी आमच्या बाजूचं पत्र लागणारच. इथल्या व्यापाऱ्यांशी बोललोय, तयार आहेत, ट्रान्सपोर्टवालेही येतील. एप्रिलच्या मोजणीला आमच्याकडून माणसं देतो, निपाणीच्या आत येणाऱ्या गाड्या आम्ही मोजू. पहिल्या निवेदनाचा मसुदा पाठवा, कन्नड भाषांतर इथे करून घेतो.